आधी दोन तास द्या, मग हॉलमध्ये बोलवा

समाजमंदिराच्या फाटकावर फ्लेक्स लागतो: ‘रुग्णांची काळजी घेणाऱ्यांसाठी ताणमुक्ती शिबिर, रविवार, सकाळी १०’. दीपप्रज्वलन होतं, पाहुणे प्राणायाम शिकवतात, चहा-बिस्किटं होतात. हॉलमध्ये बसलेल्यांकडे नीट पाहिलं, तर बहुतेक जण असे दिसतात, ज्यांच्या घरी त्या वेळी रुग्णाजवळ थांबायला दुसरं कुणीतरी आहे. जिच्याकडे असं कुणीच नाही, ती रविवारी सकाळी दहाला सासऱ्यांचं अंग पुसत असते, अंडरपॅड बदलत असते, नाहीतर नाश्त्याचा एकेक घास भरवत असते. शिबिर तिच्यासाठीच भरवलेलं असतं आणि तीच तिथे नसते.

या कार्यक्रमांचा क्रमच उलटा लागतो, असं माझं ठाम मत आहे. आधी घरी बसायला माणूस हवा, मग हातांना कौशल्य, आणि त्यानंतर मन मोकळं करणं. नाशिकमध्ये ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळं, बचत गट आणि सोसायट्यांची व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपं गल्लोगल्ली आहेत. माणसं कमी नाहीत, फक्त त्यांची मांडणी नाही. ती कशी करायची, त्याविषयी हे सगळं.

सुरुवात शब्दापासून करू. ‘काळजीवाहक’ हा अहवालातला शब्द, घरात तो कुणी वापरत नाही. घरात म्हणतात, ‘आईचं सगळं तीच करते’. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि त्याचं करणाऱ्याला शुभंकर म्हणतात. शब्द गोड आहे आणि गटात रुळतोही, पण पहिल्या फलकावर तोही नको. ‘ताण’ तर नकोच. ‘मला ताण आहे’ असं चारचौघांत कबूल करायला सून, बायको किंवा मुलगा सहसा येत नाही. त्यात कर्तव्यात कमी पडल्याचा वास येतो. त्यापेक्षा ‘अंथरुणावरच्या माणसाला एकट्याने कूस कशी बदलायची, प्रात्यक्षिक’ असं लिहून पाहा.

आता बसणाऱ्यांची, म्हणजे करणारी बाहेर पडेल तेव्हा रुग्णाजवळ थांबणाऱ्यांची, व्यवस्था. केरळमध्ये मलप्पुरम भागात शेजाऱ्यांच्या जोरावर उपशामक सेवेचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांचा त्रास हलका करणाऱ्या सेवेचं, जाळं उभं राहिलं. तिथे स्वयंसेवकाला घालायची पहिली अट साधी होती: आठवड्याला किमान दोन तास देता येतील का? ज्यांना ते जमत होतं त्यांनाच प्रशिक्षणाला घेत. दोन तास हे माप आपल्याकडेही नेमकं बसतं. यापेक्षा कमी वेळात करणारी घराबाहेर पडून काही उरकू शकत नाही, आणि यापेक्षा जास्त मागितलं की बसणारा दुसऱ्या महिन्यात गळतो.

आठ घरं घेतलीत तर बसणारे बारा तरी हवेत. कुणाचं लग्नकार्य निघतं, कुणाला सर्दी होते (सर्दीवाल्याला रुग्णाच्या घरी पाठवायचंच नाही), कुणी नातवाला पाहायला पुण्याला जातं. आठास आठ ठेवलेत तर तिसऱ्याच आठवड्यात एखाद्या घरी ‘आज कुणी येणार नाही’ असा फोन जातो. असा फोन दोनदा गेला की ते घर तुमच्यावर पुन्हा विसंबत नाही.

अंतर पायी दहा मिनिटांचं असावं. सिडकोतला माणूस नाशिकरोडला आठवड्याला जाईन म्हणतो, पण पहिल्या पावसातच थांबतो. मात्र बसणारा त्याच इमारतीतलाही नको. ‘आमच्या घरातलं खाली पार्किंगमध्ये बोललं जाईल’ ही भीती खरी असते आणि कुणी ती तोंडाने सांगत नाही. शेजारची कॉलनी सगळ्यात बरी. पुरुष रुग्णासाठी पुरुष शोधा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले गृहस्थ या कामाला फार उपयोगी पडतात, कारण वेळेवर येणं आणि लिहून ठेवणं त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. सेकंड शिफ्टचा तरुणही सकाळी मोकळा असतो. लघवीचं भांडं मागायला अनोळखी बाईपेक्षा अनोळखी बाप्याजवळ संकोच कमी वाटतो.

पहिल्याच दिवशी दोन तास बसवू नका. पहिल्या भेटीत करणारी घरातच असेल आणि बसणारा तासभर फक्त ओळख करून घेईल. दुसऱ्या भेटीत ती अर्धा तास खाली किराणा घेऊन येईल. पूर्ण दोन तास तिसऱ्या भेटीपासून. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाबाबतीत ही पायरी गाळली, की हमखास ‘घरात चोर शिरलाय’ असा ओरडा होतो. बिचारी करणारी जिन्यातूनच परत फिरते आणि पुढे कधीच घर सोडायला तयार होत नाही.

वेळ आजार पाहून ठरवा. स्मृतिभ्रंशात दुपार कलली की बेचैनी, घरभर फेऱ्या आणि ‘मला घरी जायचंय’ हे वाढतं. म्हणून चारच्या आत उठता येईल अशी वेळ धरा. पार्किन्सन्समध्ये गोळीचा असर असेपर्यंत माणूस हिंडता-फिरता असतो आणि असर उतरला की जागीच थिजतो. तिथे गोळीनंतर साधारण तासाभराने सुरू होणारी वेळ सोयीची. अर्धांगवायू असेल तर कुठली बाजू लुळी आहे आणि बोललेलं कळतं का, एवढं बसणाऱ्याला आधी माहीत हवं.

बसणाऱ्याने काय करायचं नाही, हे आधी सांगा. औषध द्यायचं नाही. एकट्याने उचलायचं नाही. नळीतून भरवायचं नाही. कॅथेटरची पिशवी ओढली जात नाही ना एवढंच पाहायचं, नळीला हात लावायचा नाही. आणि धुणीभांडीही करायची नाहीत. शेवटचा नियम दोन्ही बाजूंना सांगावा लागतो. काही घरं बसणाऱ्याला हळूहळू गडी करून टाकतात, आणि काही बसणारे स्वतःहून नर्स होतात. दुसरा प्रकार जास्त धोक्याचा. गुंगीत असलेल्या माणसाला ‘घसा कोरडा दिसला’ म्हणून कुणी चमच्याने पाणी पाजलं, तर ते श्वासनलिकेत जातं आणि दोन दिवसांत न्यूमोनिया होऊ शकतो.

मग करायचं काय? गप्पा मारायच्या, पेपर वाचून दाखवायचा, जुनी नाट्यगीतं लावायची, घाम पुसायचा, काही बिघडलं तर ठरलेल्या नंबरला फोन करायचा. एवढं पुरे.

घरात एक कागद लावा, कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूने. रुग्ण कुठल्या हाकेला ओ देतो (अण्णा, दादा की ‘सर’), आजार कोणता, कशाची अ‍ॅलर्जी, शेवटचा डोस किती वाजता दिला, पाणी पातळ चालतं की घट्ट करून द्यावं लागतं, कुठल्या कानाने ऐकू येतं, कशाने चिडतो, डॉक्टरांची फाईल कुठे आहे, कोणत्या हॉस्पिटलात न्यायचं, फोनचे दोन नंबर आणि १०८. शेवटच्या डोसची वेळ रोज बदलते, म्हणून ती पेन्सिलने लिहा. कागद एकच हवा. दोन पानं झाली की कुणी वाचत नाही.

करणारी त्या दोन तासांत कुठे जाते, यात गटाने नाक खुपसू नये. पहिला महिनाभर ती बँक, गॅस, पीठगिरणी आणि लाइटबिलच करील. ‘स्वतःसाठी वेळ काढा’ हा उपदेश तिला त्या वेळी टोचतो. साठलेली कामं संपली की मग ती एखाद्या मैत्रिणीकडे जाते, किंवा शेजारच्या खोलीत दार लावून झोपते. झोपली तर उत्तमच. रात्री तीन-चारदा उठणाऱ्या माणसाला दुपारची सलग झोप बागेतल्या फेरीपेक्षा जास्त कामाची. एक नियम मात्र पाळा. तिने मधूनमधून फोन करायचा नाही, तास झाला की बसणाऱ्यानेच ‘ठीक’ एवढा मेसेज टाकायचा. नाहीतर अंग बाहेर आणि जीव घरात, असे ते दोन तास वाया जातात.

हे चार-सहा आठवडे सुरळीत चाललं की बैठक सुरू करा. पंधरा दिवसांतून एकदा, दीड तास, आठ-दहा माणसं, तळमजल्यावर. पंचवटी, गोदाघाटाच्या आसपास असाल तर बुधवार टाळा, बाजाराच्या गर्दीत रिक्षा अडकली की दीड तासातला अर्धा तास रस्त्यावर जातो. बैठकीच्या वेळेला बसणाऱ्यांचे दोन तास जुळवून घ्यायचे, हे वेगळं सांगायला नको. तरी हीच गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते.

बैठकीत पहिला अर्धा तास हातांचा. मनातलं सांगायला न धजणारी माणसं ‘एअर बेड कुठला घ्यावा’ हे मात्र बिनदिक्कत विचारतात, आणि त्या विचारण्यातूनच पुढचं बोलणं निघतं. एकदा कूस बदलण्याचं प्रात्यक्षिक घ्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची. पूर्ण आडवं न वळवता पाठीमागे उशी लावून तिरकं ठेवायचं, साधारण तीस अंशांत, म्हणजे भार खुब्याच्या हाडावर येत नाही. पोटऱ्यांखाली उशी अशी घालायची की टाचा अधांतरी राहतील. टाच आणि माकडहाड या दोन जागा सगळ्यात आधी जातात. त्वचा लाल दिसली तर बोटाने दाबून सोडायची. लाली पांढरी पडून परत आली तर अजून वेळ हातात आहे. लाली तशीच राहिली तर ती जखमेची सुरुवात समजायची आणि त्या भागावर भार येऊ द्यायचा नाही. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, तिथे हात लावून गरम किंवा कडक लागतं का ते पाहायचं. लाल जागेवर चोळून मालिश करायची नाही. मधे भोक असलेली रबरी रिंग दुकानदार आवर्जून देतात, ती नको, तिच्या कडेने रक्तपुरवठा आणखी दबतो.

एअर बेड घेतला म्हणून कूस बदलणं सुटत नाही. हवा पुरेशी आहे का हे पाहायला गादीखाली, माकडहाडाच्या जागी, तळहात घालून पाहायचा. हाड हाताला टेकत असेल तर हवा कमी आहे. वर जाड सतरंजी आणि तिच्यावर मेणकापड घातलं की गादीचा उपयोग संपला. एक पातळ चादर पुरते. वीज गेली की पंप बंद पडतो. पावसाळ्यात आपल्याकडे हे नवं नाही, म्हणून तेवढा वेळ कूस लवकर-लवकर बदलायची.

दुसऱ्या बैठकीला उठवून बसवण्याचं घ्या. करणाऱ्यांच्या तक्रारींत कंबर असतेच, आणि तिचं कारण बहुधा एकच: रुग्णाला बगलेत हात घालून ओढणं. त्याने रुग्णाचा खांदा निखळू शकतो आणि आपली पाठ जाते. खुर्ची रुग्णाच्या चांगल्या बाजूला, पलंगाला चिकटून तिरकी लावा. व्हीलचेअर असेल तर ब्रेक आधी. रुग्णाची पावलं जमिनीला टेकलेली हवीत. आपण गुडघ्यात वाकायचं, कमरेत नाही, कमरेच्या पट्ट्याला किंवा दुहेरी गुंडाळलेल्या जाड ओढणीला धरायचं, आणि ‘एक, दोन, तीन’ म्हणून दोघांनी एकदम उठायचं. रुग्णाला आपल्या गळ्यात हात घालू द्यायचे नाहीत. प्रेमाने घातलेल्या त्या हातांनी मानेची नस धरते.

भरवण्याला एक बैठक पूर्ण द्या. पूर्ण बसवून, हनुवटी किंचित खाली, छोटा घास, गिळल्याची खात्री झाल्यावर पुढचा, आणि जेवणानंतर अर्धा तास तसंच बसवून ठेवायचं. जेवताना वारंवार खोकला, किंवा पाणी प्यायल्यावर आवाज ओला घोगरा होणं, हे डॉक्टरांना कळवायचं लक्षण आहे. फिजिओथेरपिस्ट किंवा नर्स बोलावताना प्रत्यक्ष पलंगावर करून दाखवण्याची अट घाला. प्रोजेक्टर आणला तर नमस्कार करून परत पाठवा.

मग चाळीस-पंचेचाळीस मिनिटं बोलण्याची. इथे बिघाड ठरलेले असतात. पहिला: न मागितलेला सल्ला. ‘आमच्या ओळखीचे एक वैद्य आहेत’ या वाक्याला गटात बंदी हवी, विक्रीला तर हवीच. दुसरा: तुलना. ‘तुमचं बरं आहे, तुमचे चालतात तरी’ हे ऐकलेली बाई पुढच्या खेपेला येत नाही. तिसरा: ‘केवढं पुण्य पदरी पडतंय तुमच्या’. हे ऐकलं की राग बोलायची वाटच बंद होते. आणि राग असतो. रात्री दोनला चौथ्यांदा चादर बदलताना ‘सुटले तर बरं’ हे मनात येतं, आणि मग त्या विचाराचीच लाज वाटते. एखादी बाई हे पहिल्यांदा मोठ्याने म्हणते आणि समोरच्या दोघी नुसत्या माना हलवतात, तेव्हा तो गट जमला असं समजायचं. बैठक चालवायला दोघं हवीत. एक बोलणं पुढे नेतो, दुसरा चेहरे पाहतो आणि कुणी उठून बाहेर गेलं तर मागे जातो.

बंगल्यात आजी, आणि मुलगा अमेरिकेत किंवा हिंजवडीत, हे गंगापूर रोड-कॉलेज रोडचं चित्र. सिडकोत दोन भाऊ एकाच शहरात आणि करणारी धाकटी सून एकटी. दोन्हीकडचा सल लांबून सूचना देणाऱ्यांचा असतो. तीन महिन्यांतून एकदा अशा घरची बैठक गटातल्या तटस्थ माणसासमोर घ्या. ‘तुम्ही काहीच करत नाही’ हा विषय काढायचाच नाही. फोनवरून होणाऱ्या कामांची यादी समोर ठेवायची: डायपरची मासिक ऑर्डर, विम्याचे कागद, डॉक्टरांची अपॉइंटमेंट, ब्युरोकडून आलेल्या मावशींचा पगार, दर रविवारी आईशी अर्धा तास व्हिडिओ कॉल. कोण काय घेणार ते नावानिशी लिहायचं. यादी पाहिली की नाही म्हणणं अवघड जातं.

उपयोग होतो की नाही, हे मोजायचं कसं? करणाऱ्यावरचं ओझं मोजणारी झरिट नावाची २२ प्रश्नांची पत्रिका आहे, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ८८. सुरुवातीला आणि तीन महिन्यांनी भरून घ्या. मात्र आकडा फारसा हलला नाही म्हणून खट्टू होऊ नका. गोव्यात स्मृतिभ्रंशाच्या ८१ कुटुंबांवर सहा महिने झालेला, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. स्थानिक भाषा येणारे, थोडं प्रशिक्षण घेतलेले सल्लागार किमान पंधरवड्याला घरी जात आणि मागे मानसोपचारतज्ज्ञांचा आधार असे. करणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलं, रुग्णाच्या वागण्याचा होणारा त्रास कमी झाला, पण ओझं मोजणाऱ्या पत्रिकेत ठोस फरक दिसला नाही. मला त्यात नवल वाटत नाही. काम तेवढंच राहतं, फक्त पेलवतं.

दुसरी पत्रिका नैराश्य तपासणारी, पीएचक्यू-९, नऊ प्रश्न, २७ गुण. दहा किंवा जास्त आले तर डॉक्टरांकडे पाठवायचं. नववा प्रश्न जीव नकोसा होण्याचा आहे. तिथे शून्याखेरीज काहीही असेल तर बाकीची बेरीज पाहत बसायचं नाही. त्याच दिवशी एकट्यात बोलायचं, घरातलं माणूस सोबत द्यायचं आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर, फोन लावून द्यायचा. ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. समोरासमोर भेटायचं तर सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम असते. ज्येष्ठांच्या बाकी प्रश्नांसाठी एल्डरलाइन १४५६७, सकाळी आठ ते रात्री आठ.

मतिमंद, स्वमग्न किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या पालकांना वृद्धांचं करणाऱ्यांच्या गटात बसवू नका. त्यांचा रस्ता वीस-तीस वर्षांचा, आणि काळजी ‘आमच्यामागे कोण’ ही. नाशिकला याची जुनी परंपरा आहे, रजनीताई लिमये यांनी अशा मुलांसाठीची प्रबोधिनी ही शाळा १९७७ मध्ये सुरू केली. या गटात गाण्यापेक्षा कागद कामाला येतात. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना, एक लाखापर्यंतचं आरोग्य कवच. मूल अठरा पूर्ण झालं की कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज. एका बैठकीत सगळ्यांनी मिळून अर्ज भरले तर महिनाभराची घालमेल कमी होते. व्यसनी माणसाच्या बायकोचा गटही वेगळाच हवा. पुण्यात मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राने ‘सहचरी’ नावाने तो चालवला आहे, तो नमुना पाहावा.

व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप करा, पण फक्त अ‍ॅडमिनने लिहायचा, वेळापत्रकापुरता. नाहीतर पहाटे पाचपासून फुलं आणि कॅन्सरवरचे रामबाण काढे सुरू होतात आणि ‘उद्या मंगलाताईंऐवजी कोण?’ हा मेसेज त्यात बुडतो.

सिंहस्थाची तयारी आत्तापासून धरा. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अमृतस्नानाच्या दिवशी पंचवटी आणि जुन्या नाशकात वाहनं शिरणार नाहीत, मावशी आणि ब्रदर कामावर पोचणार नाहीत, मेडिकलवाल्याचा माल अडकेल. त्या काळात प्रत्येक घरात दहा दिवसांची औषधं आणि डायपर, ऑक्सिजन लागत असेल तर भरलेला जादा सिलिंडर, आणि बसणारे रस्ता न ओलांडता पोचतील असे. डायलिसिसवाल्यांनी केंद्राशी आधी बोलून वेळा बदलून घ्याव्यात.

आणि साहित्याची वही. कमोड खुर्ची, वॉकर, व्हीलचेअर, बॅकरेस्ट, एअर बेड या वस्तू एका घरातून दुसऱ्या घरी जाव्यात, म्हणून नेल्याची तारीख, अनामत आणि वस्तूची अवस्था लिहून ठेवा. एखाद्या घरी माणूस गेलं की वस्तू मागायला तेराव्याच्या आत जायचं नाही. गेलात तर आधी बसा, चहा घ्या, वस्तूचं त्यांनाच काढू द्या. बसणाऱ्यांच्या यादीत त्या घरच्या करणाऱ्या बाईचं नाव लगेच घालू नका, आणि बैठकीच्या यादीतून काढूही नका. ती चार-सहा महिने येत राहील, गप्प बसेल, आणि मग एखाद्या दिवशी स्वतःच विचारील की आता कुणाकडे बसायला जाऊ. एअर बेड परत आला की साबणाच्या पाण्याने पुसून सावलीत वाळवायचा, पंप चार तास चालवून गळती पाहायची, दुरुस्तीची चकती लागली तर वहीत लिहायचं, आणि मगच पुढच्या घरी.